उत्तरार्धाची चौकशी

त्याने पान उलटलं तर पुढचं कोरं निघालं. ते मागे घेऊन त्याने शेवटची ओळ पुन्हा नजरेखालून घातली आणि पान परत उलटलं. कोरंच.

"थांबलात का?" पलंगावरून बायको म्हणाली. "वाचा ना."

"पुढे काही नाहीये."

"पानं चिकटली असतील. बोट ओलं करून बघा."

त्याने बोट जिभेला लावलं, पान चिमटीत धरून चोळलं. एकच पान होतं. त्याच्या पाठीमागे, अगदी तळाशी, बारीक अक्षरात दोन शब्द होते. लिफ्टच्या दारावरची सूचना वाचावी तसे ते त्याने मोठ्याने वाचले. "पूर्वार्ध समाप्त."

"समाप्त? ती जिन्यात उभी, नवरा खाली दारात उभा, आणि समाप्त?"

"पूर्वार्ध समाप्त."

"मग उत्तरार्ध घेऊन या," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरातून मीठ आणायला सांगावं, इतकं ते तिला सोपं वाटत होतं.

जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. गावातल्या निम्म्या उंच इमारतींत त्याला लिफ्टवाला म्हणूनच ओळखत, आणि निवृत्त झाल्यावरही रस्त्यात कुणी भेटलं की 'आमची तिसऱ्या मजल्यावर अडते हो' हेच पहिलं वाक्य कानावर पडे. वाचनाशी त्याचा संबंध वायरिंगच्या नकाशापुरता आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापुरता. घरात वाचायची ती. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायची, आणि मुली काजं करत बसल्या की मशीनच्या खणातून पुस्तक काढायची. 'हिचं लग्न आधी लायब्ररीशी लागलं, मग माझ्याशी,' असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसायचे.

मग पोटातला आजार निघाला, आणि निघाला तोही फार उशिरा. डॉक्टरांनी एक दिवस फाइल मिटली आणि सांगितलं, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करा. तिला आवडणारी गोष्ट एकच होती. पण हातांना पुस्तकाचं वजन पेलत नव्हतं आणि डोळ्यांपुढे अक्षरं पोहायची. तेव्हा चष्मा पुसून तोच वाचायला बसला. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

सुरुवात तिच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांपासून झाली. ती तिला पाठ होती. तो चुकला की मिटल्या डोळ्यांनी दुरुस्त करायची. एका दुपारी तिने हात वर केला.

"पुरे. मेलेल्यांचं पुष्कळ झालं. आता जिवंत माणसांचं काहीतरी आणा."

"जिवंत म्हणजे?"

"आत्ता लिहितायत ते. लोक हल्ली कसे जगतात ते बघायचंय मला. मी थोडीच आता बाहेर जाऊन बघणार आहे?"

लायब्ररीतल्या बाई काउंटरवर पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालत बसल्या होत्या. जिवंत लेखकाचं पुस्तक पाहिजे, हे ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"तसा विभाग नाही आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "कथा आहे, कादंबरी आहे, आरोग्य आहे."

"मग त्यातलाच एखादा काढून द्या. पण खात्रीचा."

बाईंनी 'नवीन आलेली' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या फळीकडे बोट दाखवलं. त्या नवीन आलेल्यांवरही चांगली जुनी धूळ होती. त्याने एक पातळसा कथासंग्रह उपसला. मागच्या फोटोतल्या माणसाची दाढी पांढरीशुभ्र होती.

"हे आहेत का?"

"असावेत," बाई म्हणाल्या.

'वीज बंद असावी' एवढ्या भरवशावर लिफ्टवाला कधी तारेला हात लावत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला, मुद्रकाच्या नावाशेजारी, लेखकाचा पत्ता आणि फोन नंबर छापलेला होता. असं काही छापतात हे त्याला त्या दिवशीच कळलं. त्याने तिथेच उभं राहून फोन लावला.

"आपण आहात ना?"

"आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "कोण बोलतंय?"

"काही नाही, खात्री करायची होती. चालू द्या तुमचं."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला उशी पोटाशी दाबून धरावी लागली. मग तो नियमच होऊन बसला. पुस्तक घ्यायचं, फोन लावायचा, आणि चपला काढता काढता दारातूनच वर्दी द्यायची. 'आहेत. खोकला झालाय, पण आहेत.' 'आहेत बाई, कुकर लावत होत्या.' त्याशिवाय ती पहिलं पान उघडू द्यायची नाही.

नव्या लेखकांनी त्याला आधी चांगलंच जेरीला आणलं. एकाला पूर्णविरामाचं वावडं होतं; त्याचं एक वाक्य वाचता वाचता तिसऱ्या पानावर लिफ्टवाल्याला धाप लागली. एकीच्या गोष्टीत काही घडतच नव्हतं. एक मुलगा घर बदलतो, खोकी भरतो, शेवटचं खोकं चिकटपट्टी लावून बंद करतो आणि संपली गोष्ट.

"नमनाला घडाभर तेल, आणि नाटकाचा पत्ताच नाही," तो म्हणाला.

त्याने पाहिलं तर तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. संध्याकाळी गॅसजवळ उभा असताना त्याला ते खोकं आठवलं. त्या पोराने त्यात काय भरलं असेल, आणि काय मागे ठेवलं असेल, याचा तो विचार करत राहिला आणि दूध उतू गेलं. हे त्याने तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीची चेष्टा केली ती आपल्यालाही चिकटली, हे कबूल करायची त्याला लाज वाटली.

आणि मग ही कादंबरी आली. तिच्या लेखिकेचा फोटो इतका तरुण होता की फोन करून खात्री करण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. पुस्तकातली बाई एका दुपारी भांडी घासते, ओटा पुसते, हात कोरडे करते आणि एक पिशवी उचलून घराबाहेर पडते. मिळेल त्या बसमध्ये बसते. अनोळखी गावात एका लाँड्रीच्या वर खोली घेते आणि खाली इस्त्रीचं काम धरते. दोनशे पानं एवढंच. पण लिफ्टवाला वाचता वाचता अडायला लागला.

"पण त्याचं चुकलं काय?" तो पुस्तकातून मान वर काढून विचारायचा. "पीत नाही, मारत नाही, पगार हातात आणून देतो. मग हिला झालंय काय?"

"पुढे वाचा."

"नाही, पण तूच सांग ना."

"वाचा हो."

त्या नवऱ्याची बाजू घेणारं पुस्तकात कुणीच नव्हतं, म्हणून ती यानेच घेतली. त्याची वाक्यं तो जरा ठासून वाचायचा. शेवटच्या प्रकरणात नवरा पत्ता शोधत शोधत लाँड्रीपाशी येऊन पोचला तेव्हा लिफ्टवाल्याचा आवाज आनंदाने चढला. पलंगावर ती पांघरुणाची कड मुठीत धरून ऐकत होती. बाई जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली, खालून नवरा 'चल' म्हणाला, आणि पान संपलं.

त्यानंतर तिने दुसरं काही ऐकायला साफ नकार दिला. औषध घ्यायची, दोन घोट दूध प्यायची आणि विचारायची, "लागला का तपास?" लांब राहणाऱ्या मुलीचा फोन आला की तिलाही तेच सांगायची, पुस्तक अर्धं राहिलंय म्हणून. एकदा त्याने औषधाचा चमचा तोंडाशी नेला तर तिने त्याचं मनगट धरलं.

"ती परत जाते की नाही, एवढंच मला कळू दे. मग माझी कशाबद्दल तक्रार नाही."

पकड इतकी हलकी होती की तो घाबरला. फार दिवस हातात नव्हते.

"उत्तरार्ध निघालेलाच नाही," लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या. "पूर्वार्ध येऊन किती वर्षं झाली. तुमच्याआधी तो कुणी नेलाही नव्हता."

तो बाहेर येऊन लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसला आणि पुस्तकातला नंबर लावला. लेखिका कुठल्याशा प्रयोगशाळेत नोकरीला असावी; मागे मशीनची घरघर चालली होती आणि कुणीतरी नमुन्यांचे नंबर पुकारत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात लिफ्टवाल्याने बराच वेळ घालवला. कादंबरी छान आहे, छपाई छान आहे, मुखपृष्ठही छान आहे. शेवटी तीच म्हणाली, "काका, मी ड्यूटीवर आहे. काम काय आहे?"

"उत्तरार्ध कधी येणार?"

ती हसली, पण ते हसणं ऐकायला बरं वाटलं नाही. "येणार नाही. लिहिलाच नाही मी. प्रकाशक म्हणाले, कोण विचारतंय?"

"माझी बायको विचारतेय."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. पोटच्या मुलीला जे त्याने अजून आडून आडूनच सांगितलं होतं, ते या अनोळखी बाईला सरळ सांगून टाकलं. बायको आता थोड्याच दिवसांची सोबती आहे. तिला एवढंच कळायला हवंय. पलीकडची घरघर कमी झाली. लेखिका कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहिली असावी.

"काकूंना सांगा," ती म्हणाली, "ती परत जात नाही."

"जात नाही?"

"नाही. ती जिना उतरते आणि त्याला पाणी देते. उन्हातून आलेला असतो ना. तो उभ्याउभ्याच पितो. ती पेला परत घेते आणि वर निघून जाते. भांडण नाही, रडारड नाही. एवढंच आहे. मनात केव्हाचं लिहून झालंय, कागदावर तेवढं उतरलं नाही."

"आणि तो?"

"कोण?"

"नवरा. तो कुठे जातो मग?"

"खरं सांगू का काका? मी त्याच्यामागे कधी गेलेच नाही."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बोलू का काकूंशी? संध्याकाळी मोकळी असते मी."

"नको," तो घाईघाईने म्हणाला. "ती थकते बोलून."

घराकडे चालताना त्याला त्या नवऱ्याची कीव येत होती आणि लेखिकेचा रागही येत होता. एवढा शोधत आलेला माणूस, त्याला काय पेलाभर पाणी पाजून वाटेला लावायचं? आणि मरणाच्या दारात असलेल्या बाईला हे असलं जाऊन सांगायचं? आजारी माणसाच्या कानावर चांगलं घालावं, हे कुणीही सांगेल. तो स्वतःशी असा बराच वेळ भांडला, आणि भांडणात दुसरी बाजू कुणी मांडतच नव्हतं, म्हणून जिंकला.

ती उशीला टेकून वाटच बघत होती.

"लागला तपास," तो म्हणाला. "लेखिकेशी बोललो. ती परत जाते."

"जाते?"

"हो तर. खाली येते, पिशवी त्याच्या हातात देते. दोघं बसस्टँडवर जातात. तो तिला खिडकीजवळची जागा देतो." खिडकीचं त्याला ऐन वेळी सुचलं होतं, आणि सुचलं म्हणून त्याला बरंही वाटलं. "गोड शेवट आहे."

"तिने सांगितलं असं? स्वतः?"

"स्वतः."

तिने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. तिचा चेहरा सैल पडला, आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण केलं ते बरोबरच केलं.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "निदान ती तरी..."

तिने भिंतीकडे तोंड केलं आणि गुडघे पोटाशी ओढून घेतले.

मुलगी लहान असताना बायको एकदा बहिणीकडे निघून गेली होती. भांडणतंटा काही नव्हता, म्हणून तर त्याला काही समजलं नव्हतं. तो मेहुणीच्या दारात जाऊन उभा राहिला होता. 'चल, पोरगी रडतेय,' म्हणाला होता, आणि ती आली होती. 'आमचं सरकार संपावर गेलं होतं, पण वाटाघाटी यशस्वी झाल्या,' हा किस्सा त्याने पुढे चारचौघांत कितीदा रंगवून सांगितला. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि हसायचीही. ती का गेली होती, हे त्याने कधी विचारलं नाही. परत आली म्हणजे मिटलं, असं तो धरून चालला होता. आता तिच्या पाठीकडे बघताना तिचं ते अर्धं राहिलेलं वाक्य त्याने मनातल्या मनात पुरं केलं.

आपण खोटं सांगितलं हे तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण उद्या सांगू म्हणाला, आणि उद्याचा परवा झाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समजूतदार झाली. औषध म्हटलं की तोंड उघडायची, कूस बदलू का म्हटलं की हो म्हणायची. त्याने नवा कथासंग्रह आणला, रीतीप्रमाणे दारातून ओरडला, "आहेत हो! आत्ताच बोललो."

"असू देत," ती म्हणाली.

त्याने पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली. ती छताकडे बघत होती. त्याने पुस्तक मिटलं तेही तिच्या लक्षात आलं नाही. शेवटी एका सकाळी तिचे केस विंचरता विंचरता तो म्हणाला, "मी तुला चुकीचं सांगितलं."

"काय?"

"कादंबरीचं. ती परत जात नाही. ती जिना उतरते, त्याला पाणी देते. तो पितो. ती पेला घेते आणि वर जाते. हा खरा शेवट आहे. लेखिकेने हाच सांगितला होता, मी बदलला."

ती त्याच्याकडे वळली. बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता.

"छान रचलंत," ती म्हणाली. "पाण्याचं तर फारच छान. एवढी पुस्तकं वाचून तुम्हीही लेखक झालात की."

"अगं, खरं सांगतोय."

"हो हो. माझं मन राखताय, कळतं मला."

"तुझी शपथ."

"शपथा कशाला घालताय?"

त्याने कंगवा टाकून फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. लेखिकेने उचलल्याबरोबर त्याने स्पीकर लावला आणि फोन बायकोच्या उशीवर ठेवला. "मी उत्तरार्धवाला," तो म्हणाला. "हिला तुम्हीच सांगा शेवट."

"काकू?" फोनमधून आवाज आला. "नमस्कार काकू. ती नाही जात परत. त्याला पाणी देते आणि आपल्या खोलीत निघून जाते. मला पहिल्यापासून माहीत होतं, ती जाणार नाही."

बायको ऐकत होती. तिचे ओठ जरासे हलले.

"फार छान लिहितेस गं तू," ती म्हणाली. "थांबू नकोस. लिहीत राहा. माझ्यासारख्या पुष्कळ असतील."

"काकू, तुम्ही..." लेखिकेचा आवाज भरून आला आणि पुढे काही नीट ऐकू आलं नाही. फोन बंद झाला.

"झाली खात्री?" त्याने विचारलं. त्याचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

"किती चांगली मुलगी आहे हो," ती म्हणाली. "माझ्यासाठी शेवट बदलला तिने."

"बदलला नाही! तोच होता. पुन्हा लावतो, तूच विचार तिला, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस म्हणून."

"ठेवा तो फोन. बिचारीला अजून किती खोटं बोलायला लावाल?"

"अगं, पण खोटं मी बोललो होतो. मी!"

"तुम्ही आधी जो शेवट सांगितलात ना, तो मला ऐकल्याबरोबर पटला," ती शांतपणे म्हणाली. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "खरं असलं की लगेच पटतं. तो खाली येऊन उभा राहतो, चल म्हणतो, आणि आपण जातो. तसंच असतं ते."

त्याला रडू फुटलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना आयुष्यभर बाहेरून धीर देत आलेला माणूस तिच्या पलंगाच्या कडेला बसून तोंडात रुमाल कोंबून रडू लागला. ती हे बघत राहिली. मग तिने पांघरुणातून हात बाहेर काढला. तो हात त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"पुरे आता," ती म्हणाली. "एवढं केलंत माझ्यासाठी. मला वाटलं नव्हतं तुम्ही कधी इतकं कराल."

आणि ती त्याच्या हातावर थोपटत राहिली.